हान सोलोची बंदूक आणि हरवलेला सोर्स कोड

कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत बनलेली १ए१ कार्बाइन तुम्ही नक्की पाहिली असणार. बंदोबस्तावरच्या पोलिसांकडे दिसणारी ती आखूड, काळी बंदूक, मॅगझिन डावीकडे आडवं. ही मुळात ब्रिटिश स्टर्लिंग सबमशीनगन, परवाना घेऊन आपल्याकडे बनवलेली. आता १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मधले पांढऱ्या चिलखतातले स्टॉर्मट्रूपर आठवा. दूरच्या आकाशगंगेतला त्यांचा ब्लास्टर म्हणजे हीच स्टर्लिंग! नळीच्या भोकांवर प्लास्टिकच्या पट्ट्या, वर दुसऱ्या महायुद्धातल्या रणगाड्याची दुर्बीण, बाजूला हेंगस्टलर कंपनीचा आकडे मोजणारा छोटा डबा. झाला ब्लास्टर तयार.

हे असं का केलं? पहिलं कारण पैसा. चित्रपटाचं बजेट साधारण १ कोटी १० लाख डॉलर. शेकडो वस्तू नव्याने डिझाइन करून घडवणं परवडणारं नव्हतं. दुसरं कारण जॉर्ज लुकासचा हट्ट. त्याला चकचकीत भविष्यकाळ नको होता, वापरून झिजलेला हवा होता. १९७६ साली इंग्लंडमध्ये एल्स्ट्री स्टुडिओत शूटिंग होतं. सेट डेकोरेटर रॉजर ख्रिश्चनने लंडनच्या बॅप्टी अँड कंपनीकडून खऱ्या बंदुका घेतल्या. ही कंपनी चित्रपटांना भाड्याने हत्यारं पुरवणारी. खऱ्या बंदुकीचा आणखी एक फायदा असा की नकली काडतूस उडवलं की नळीतून ज्वाळ निघते आणि नटाच्या हाताला खराखुरा झटका बसतो. लेझरची रेघ नंतर फिल्मवर काढायची.

हान सोलोसाठी निवडलं गेलं माउझर सी९६. हे १८९६ चं जर्मन पिस्तूल, मूठ झाडूच्या दांड्यासारखी गोल, मॅगझिन ट्रिगरच्या पुढे. तरुण चर्चिलने १८९८ च्या ओमदुरमानच्या लढाईत हेच वापरलं होतं. त्यावर हेन्सोल्ट कंपनीची जर्मन दुर्बीण चढवली, नळीच्या तोंडाला विमानातल्या एमजी८१ मशीनगनचं नरसाळं लावलं आणि बाजूला काही जाळ्या-गुंड्या चिकटवल्या. अशा शोभेच्या बारीकसारीक तुकड्यांना मॉडेल बनवणारे 'ग्रीबली' म्हणतात. काम काही नाही, पण त्यामुळे वस्तू गुंतागुंतीची आणि म्हणून खरी वाटते.

आता खरी गंमत. शूटिंग संपलं आणि बंदुका भाड्याच्या होत्या म्हणून बॅप्टीकडे परत गेल्या. चिकटवलेलं सगळं काढलं गेलं आणि माउझर पुन्हा साधं माउझर झालं, पुढच्या चित्रपटासाठी तयार. कोणाला काय कल्पना, की याला पुढे देवघरातल्या मूर्तीचा मान मिळणार आहे! ड्रॉइंग नाही, मापं नाहीत, सुट्या भागांची यादी नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शनला गेलेली सिस्टिम, जिचा सोर्स कोड कोणी जपलाच नाही आणि जिचं डॉक्युमेंटेशन कधी लिहिलंच गेलं नाही.

मग जगभरातल्या काही खटपट्या लोकांनी ठरवलं की ही बंदूक शून्यापासून पुन्हा बनवायची. हाताशी काय? चित्रपटाच्या फ्रेम्स आणि प्रसिद्धीचे थोडे फोटो. आधी व्हिडिओ कॅसेट, मग लेझरडिस्क, मग २००४ ची डीव्हीडी. दर वेळी चित्र थोडं स्पष्ट आणि दर वेळी जुनी समजूत खोटी ठरण्याची भीती.

पद्धत मात्र पक्की इंजिनिअरिंगची. फोटोत एक तरी ओळखीची वस्तू लागते. माउझरच्या नेहमीच्या नळीची लांबी १४० मिलिमीटर, शिवाय त्याची बाकीची मापंही माहीत. ती पट्टी धरून शेजारच्या अनोळखी गुंडीचं माप काढायचं. फोटो तिरका असला तर जवळची वस्तू मोठी दिसते आणि सगळं गणित चुकतं, म्हणून अगदी बाजूने घेतलेला फोटो म्हणजे सोनं. माप मिळालं की शोध सुरू, या आकाराची वस्तू १९७६ च्या इंग्लंडमध्ये कुठे मिळत असेल?

या शोधात काय काय सापडलं! ल्यूकची लाइटसेबर ही ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याच्या जुन्या फ्लॅशची मूठ निघाली. तिच्यावरची बुडबुड्यांसारखी पट्टी म्हणजे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एक्झॅक्ट्रा कॅल्क्युलेटरमधली, आकडे मोठे दिसावेत म्हणून बसवलेली भिंगं. हान सोलोचं माउझर तर जुना कलाकार निघालं. १९६७ चा 'द नेकेड रनर' आणि १९७२ चा 'सिटिंग टार्गेट' यांत ते आधीच काम करून आलं होतं.

प्रत्यक्ष बनवण्याचे रस्ते दोन. एक, स्पेनच्या डेनिक्स कंपनीचं न उडणारं नकली माउझर घ्यायचं आणि त्यावर नरसाळं, दुर्बीण, ग्रीबली चढवायच्या. दोन, सगळंच स्वतः करायचं. एमडीएफ, पाइप, लेथवर कातलेलं ॲल्युमिनियम, हल्ली थ्रीडी प्रिंटर. एक चांगला नमुना तयार झाला की सिलिकॉनचा साचा काढून रेझिन ओततात. इथे एक भौतिक भानगड आहे. साच्यातून निघालेली वस्तू किंचित आकसते. प्रतीवरून प्रत काढत गेलं की प्रत्येक पिढी लहान होत जाते आणि कडा बोथट होतात, अगदी झेरॉक्सच्या झेरॉक्ससारखं. जाणकार माणूस मापं घेऊन सांगतो, ही कितव्या पिढीची प्रत.

रंगकामातही विचार आहे. आधी चंदेरी, वर काळा आणि मग जिथे बोटं घासतील, जिथे म्यानाला लागेल, तिथलाच काळा खरवडायचा. सगळीकडे सारखं खरवडलं की वस्तू जुनी नाही, घाणेरडी दिसते. (आणि हो, असली वस्तू घेऊन रस्त्यावर हिंडू नका. समोरच्या हवालदाराने स्टार वॉर्स पाहिला असेलच असं नाही.)

या छंदाची एक काळी बाजूही आहे. लाइटसेबरसाठी अस्सल ग्राफ्लेक्सच हवा म्हणून लोकांनी १९४० च्या दशकातले फ्लॅश विकत घेऊन कापले. किमती वाढल्या, जुने कॅमेरे जमवणारे चिडले. एका खोट्या वस्तूच्या प्रेमापोटी खऱ्या इतिहासाचा एक तुकडा खर्ची पडला. ज्यांनी हेच भाग धातूत नव्याने घडवून विकायला सुरुवात केली, त्यांनी माझ्या मते ते जुने फ्लॅशही वाचवले.

२०१८ साली 'रिटर्न ऑफ द जेडाय'मधला हान सोलोचा ब्लास्टर लिलावात साडेपाच लाख डॉलरला गेला. ऑगस्ट २०२२ मध्ये पहिल्या चित्रपटातली, टिकून राहिलेली एकमेव मानली जाणारी बंदूक रॉक आयलंड ऑक्शनमध्ये १०,५७,५०० डॉलरला विकली गेली. तेव्हाच्या दराने आठ कोटी रुपयांच्या वर. पण हीसुद्धा चित्रपटानंतर सोलून साधी झालेली आणि नंतर पुन्हा ब्लास्टरच्या रूपात उभी केलेली. मग 'ओरिजिनल' म्हणायचं कशाला? १९७६ साली कॅमेऱ्यासमोर होती ती जुळणी तर केव्हाच मोडली होती.

मला वाटतं, ती जुळणी खऱ्या अर्थाने टिकली ती नक्कल करणाऱ्यांमुळे. स्टुडिओने ती जपली नाही, भाड्याने देणाऱ्या कंपनीने मोडली. कुठला स्क्रू कुठल्या बाजूला होता, हे लक्षात ठेवलं ते पगार न घेता, शनिवार-रविवार घालवून काम करणाऱ्या लोकांनी. त्यांनी एकमेकांना चुका दाखवल्या, भांडले, पुन्हा मोजलं.

आपणही रोज काहीतरी बनवतो आणि रिलीज झालं की विसरतो. चाळीस वर्षांनी कोणी त्याची मापं काढत बसेल असं नाही. पण यादी लिहून ठेवायला काय हरकत आहे?

असो. पुढच्या वेळी बंदोबस्तावरच्या हवालदाराकडे ती जुनी कार्बाइन दिसली, तर जरा नीट बघा.