हाली आणि कलदार : गोदाकाठचे दोन रुपये

मराठवाड्यातील एखादे जुने आत्मचरित्र वाचताना ‘चाळीस रुपये पगार’ असा उल्लेख आला, की आपण तो सहज ओलांडून पुढे जातो. मजकूर १९४८ पूर्वीच्या काळाविषयीचा असेल, तर तेथे थांबून एक प्रश्न विचारला पाहिजे, असे आम्हांला वाटते : कोणते रुपये? हाली की कलदार? कारण चाळीस हाली रुपये म्हणजे चौतीस कलदार आणि वर साडेचार आणे. पगार एकच, पण पात्राची ऐपत दोन हिशेबांत दोन तऱ्हेची ठरते.

हा प्रश्न राहात्यापासून फार दूरचा नाही. राहाता हे तेव्हा अहमदनगर जिल्ह्याच्या कोपरगाव तालुक्यातील गाव, म्हणजे इंग्रजी मुलूख. चांगदेवांच्या समाधीमुळे साहित्याच्या अभ्यासकांना परिचित असलेले पुणतांबे आज राहाता तालुक्यात आहे, गोदावरीच्या काठी. तेथून ओघाबरोबर खाली गेले, की ही नदी दोन जिल्ह्यांची सीमा होते : एका काठी नगर, दुसऱ्या काठी वैजापूर-गंगापूर. १९४८ पर्यंत ती दोन सत्तांची सीमा होती. पाणी एक, भाषा एक, सोयरिकीही एकमेकांत. साईबाबांच्या चरित्रपरंपरेत बाबा शिर्डीस येतात, ते निजामाच्या मुलखातील धूपखेड्याच्या चांद पाटलांच्या वऱ्हाडाबरोबर. अशा या प्रदेशात काठ बदलला की बदलत होता तो रुपया.

दोन्ही नाण्यांची नावे बोलकी आहेत. ‘कल’ म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेला इंग्रजी रुपया तो कलदार. ‘हाली’ म्हणजे चालू काळाचा; आपला ‘हल्ली’ हा शब्द त्याच घराण्यातला. १८५७ च्या उठावानंतर दिल्लीची बादशाही संपली, निजामाच्या नाण्यावरून बादशहाचे नाव गेले आणि हा हाली शिक्का सुरू झाला.

दोहोंतील दर हा काही कोणाच्या मर्जीचा खेळ नव्हता. कलदाराचे वजन सुमारे ११.६६ ग्रॅम, त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. हाली सुमारे ११.१८ ग्रॅमचा, त्यात चांदी शेकडा ८२ च्या आसपास. शुद्ध चांदी मोजली, तर एकात १०.७ ग्रॅम आणि दुसऱ्यात ९.१ ग्रॅम. हे प्रमाण जवळजवळ सातास सहा असे आहे. आणि पुढे रूढ झालेला दरही तोच : सात हाली म्हणजे सहा कलदार. शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली.

मात्र हा दर नेहमीच असा स्थिर नव्हता. १८९३ मध्ये इंग्रज सरकारने लोकांच्या चांदीचे रुपये पाडून देणे बंद केले. त्यामुळे कलदाराची किंमत चांदीच्या बाजारभावापासून सुटली. हाली मात्र घसरत्या चांदीबरोबर खाली जात राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबादनेही नाणी पाडण्यावर नियंत्रण आणले आणि दर सावरून धरला. १९१८ पासून निजाम सरकारच्या नोटाही चालू लागल्या. म्हणजे धातूच्या तराजूत ठरलेली गोष्ट आता राजसत्तेच्या पतीवर उभी होती.

ही पत किती राजकीय होती, हे १९४७ मध्ये दिसले. २९ नोव्हेंबर रोजी भारत सरकार आणि निजाम यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला. त्यानंतर हैदराबाद सरकारने वटहुकूम काढून राज्यात भारतीय चलन बंद केले आणि मौल्यवान धातूंच्या निर्यातीवर निर्बंध घातले. पाकिस्तानला वीस कोटी रुपयांचे कर्ज देण्याचाही प्रश्न पुढे आला. भारत सरकारने हा करारभंग मानला. ज्याचे घर एका काठी आणि बाजार दुसऱ्या काठी, त्याच्या कनवटीच्या नाण्याला आता केवळ बट्टा लागत नव्हता. ते नाणे एका काठी बेकायदा झाले होते.

सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर हैदराबाद भारतात आले. हाली एका रात्रीत नाहीसा झाला नाही. सातास सहा याच दराने तो १९५० च्या दशकात टप्प्याटप्प्याने काढून घेण्यात आला.

आमचा आग्रह एवढाच, की या काळातील आत्मचरित्रे, पत्रव्यवहार, कर्जखते संपादित करताना रुपयाला तळटीप द्यावी. खतात ‘रुपये शंभर’ एवढेच लिहिले असेल, तर धनको आणि ऋणको यांच्यामध्ये चौदा कलदार आणि साडेचार आण्यांचा प्रश्न उभा असतो. गरिबाच्या घरी ही रक्कम लहान नव्हे. ती नजरेआड केली, तर आपण मजकूर वाचतो, पण माणसाची अडचण वाचत नाही. ‘नावाला बट्टा लागणे’ हा वाक्प्रचार आपण अजून वापरतो. ज्या सराफी व्यवहारातून तो आला, तो मात्र विसरतो. ‘चालू’ असे नाव मिरवणारे नाणे तर केव्हाच चालेनासे झाले; ‘हल्ली’ तेवढे आपल्या बोलण्यात उरले आहे.