पायाखालचं सागवान : वऱ्हाडातल्या माडीचा इतिहास

मागच्या वेळी आपण गावाची पांढरी आणि काळी यांतला फरक पाहिला. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, काळी म्हणजे पिकाची. आज आपण पांढरीवरच्या घरात शिरू आणि नजर वर करू. कारण तेल्हाऱ्याकडच्या जुन्या घरात लाकडी जमीन शोधायची तर ती खाली नव्हे, माडीवर सापडते.

असं का? खालची जमीन मातीची, शेणानं सारवलेली. तिथं ओल आणि उधई. म्हणून तर लाकडी खांबसुद्धा दगडी तळखड्यावर उभा करत. त्या खांबांवर तुळई, तुळईवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या. खालून पाहणाऱ्याला ती तक्तपोशी, वर चालणाऱ्याला जमीन. फळ्या परवडत नसत तो काय करी? कड्यांवर काड्या-कामट्या अंथरून वर माती टाकी. म्हणजे पायाखाली काय आहे, यावरून घरची ऐपत कळे.

आता हे सागवान कुठलं? तेल्हाऱ्याच्या उत्तरेला सातपुडा, तिथं मेळघाटचं रान. सागाच्या अंगात तेल असतं, त्यामुळं उधई त्याला सहसा लागत नाही.

पण काळ पाहा. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. 1861 ते 65 च्या अमेरिकन यादवीमुळं कापसाचा भाव कडाडला. 1867 मध्ये मुंबईची रेल्वे वऱ्हाडातून नागपूरला पोचली. स्लीपरसाठी तिलाही सागच हवा होता. त्याच सुमारास सरकारनं रान राखीव करायला घेतलं. म्हणजे गावात कापसाचा पैसा आला, तेव्हाच जंगलाचं दार लागत होतं. त्याची खरी झळ मात्र माडीवाल्यांना नाही, रानात राहणाऱ्या कोरकूंना बसली. पुढं 1974 मध्ये तिथं व्याघ्र प्रकल्प आला.

आज जुनी घरं पडतायत आणि सागवान विकलं जातंय. विकू नका, असं आपण कोणाला म्हणणार? पण फळी गाडीत चढण्याआधी उलटी करून बघा. करवतीच्या खुणा सरळ पण कमीजास्त असतील, तर ती बहुधा हातानं चिरलेली. कमानीसारख्या असतील, तर यंत्राच्या गोल करवतीची. लांबी-रुंदी मोजा, फोटो काढा, गावातल्या म्हाताऱ्या सुतारबाबांना दाखवा. अशा घरांचा इतिहास दप्तरात फारसा लिहिलेला नाही. तो फळीच्या पाठीवर आहे, आणि फळी गेली की तोही गेला.