विडंबन: रघुवंशातून वडशाच्या मांडवात

'विडंबन' या शब्दात मुळात हसू नव्हते. संस्कृतातल्या 'विडम्ब्' या धातूचा अर्थ नक्कल करणे, बरोबरी करू पाहणे. 'रघुवंश' या संस्कृत महाकाव्याच्या चौथ्या सर्गात शरद ऋतू रघुराजाचे 'विडंबन' करतो. कमळाचे छत्र धरतो, फुललेल्या काशाच्या चवऱ्या ढाळतो. पण राजाचे तेज त्याला काही येत नाही. थाट तोच, मात्र आत राजा नाही. पुढे जे हसू आले, ते याच फटीतून.

नक्कल झाली की चेष्टा आलीच, आणि चेष्टा वाढली की अपमान. मराठीत 'ड'चा 'ट' होऊन 'विटंबना' झाली, ती या अपमानाच्या वाटेने गेली. हिंदीने 'विडंबना' दैवदुर्विलासाकडे नेली. हसण्याचा वाटा मराठीतल्या 'विडंबन' या शब्दाकडे राहिला आणि त्याला साहित्यात मान मिळवून दिला तो 'केशवकुमार' म्हणजे आचार्य अत्र्यांनी. 1925 साली आलेल्या 'झेंडूची फुले'त त्यांनी रविकिरण मंडळ या पुण्याच्या कविगटाच्या काळातल्या कवितेची वळणे तंतोतंत उचलली आणि तिच्यातली कृत्रिमता उघडी पाडली. नागपूरचे ज. के. उपाध्ये तर थेट गीतेपर्यंत पोचले. त्यांच्या 'चालचलाऊ गीते'तला अर्जुन युद्धाला बोलभाषेतच धुडकावून लावतो. 'विसरशील खास मला' हे गीत याच कवीचे. हळवे लिहिणाऱ्यालाच हळवेपणाची नक्कल चांगली साधते.

दोघांच्याही यशाची अट एकच होती: मूळ रचना वाचकाला ठाऊक हवी. ही अट झाडीपट्टीत, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या मुलखात, पुस्तकाविना पुरी झालेली आहे. तिथे या प्रकाराला 'विडंबन' म्हणत नाहीत, 'गंमत' म्हणतात. खडी गंमत उभ्यानेच रंगते, म्हणून 'खडी'. ढोलकी वाजते, बाईचे सोंग पुरुष घेतो, गण होतो, गवळण होते. कृष्णाची गोष्ट समोरच्या प्रत्येकाला पाठ असते, म्हणून देवाच्या तोंडी गावातली कुरबूर आली की लगेच हशा पिकतो. संवाद बरेचसे आयत्या वेळचे. सीमेपलीकडे छत्तीसगडच्या 'नाचा'तही विनोदी प्रवेशाला 'गम्मत'च म्हणतात. शब्दाने राज्याची हद्द मानलेली नाही.

दंडार हा लोकनाट्यप्रकार आणि खडी गंमत यांच्याच मातीत झाडीपट्टीचे नाटक वाढले. देसाईगंज, म्हणजे लोकांचे वडसा, हे त्याचे केंद्र. नाटक रात्रभर चालते आणि विनोदी पात्राशिवाय ते पुरे वाटत नाही. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांनी अशाच भूमिकांनी पिढ्यांना हसवले. 2023 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

विडंबनाचा इतिहास सांगताना आपण पुण्याच्या छापखान्यापाशी थांबतो, हे अपुरे आहे. नक्कल, मूळ गोष्टीची जाण आणि समोर बसलेला जाणता माणूस, ही या शब्दाची तिन्ही अंगे एकत्र पाहायची असतील, तर दिवाळी सरल्यावर मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, दिवसांत वडशाकडे निघा आणि रात्रभर बसायच्या तयारीने जा.