समुद्रकांठची सुटी आणि घरचें पंचांग

वऱ्हाडास समुद्र नाहीं. अकोल्या-अमरावतीच्या मनुष्यास पाणी ठाऊक तें पूर्णेचें आणि पावसाचें. उन्हाळ्याच्या सुटींत त्याचे पाय चिखलदऱ्याकडे वळतात, आणि किल्ला म्हटला कीं त्याच्या डोळ्यांपुढें गाविलगड किंवा नरनाळा उभा राहतो. उंची हेंच या दुर्गांचें बळ. तथापि इंग्रजांनीं डोंगरांतून तोफा चढविल्या, उत्तरेकडून तटास खिंडार पाडलें आणि १५ डिसेंबर १८०३ रोजीं गाविलगड घेतला. दुर्गाचें निराळ्या प्रकारचें बळ ज्यास पाहावयाचें असेल, त्यानें एखादी सुटी अलिबागेस घालवावी.

अलिबागच्या किनाऱ्यासमोर भर समुद्रांत कुलाबा किल्ला आहे. शिवाजी महाराजांनीं १६८० सालीं त्याच्या बांधकामास प्रारंभ केला. संभाजी महाराजांच्या कारकीर्दींत तें पुरें झालें. पुढें तें कान्होजी आंगरे यांच्या आरमाराचें मुख्य ठाणें बनलें. १७२१ सालीं इंग्रज व पोर्तुगीज एकत्र होऊन त्यावर चालून आले. पेशवे बाजीराव यांची फौज कान्होजींच्या साहाय्यास आली आणि दोन्ही फिरंगी सत्तांस हात हलवीत परतावें लागलें.

या किल्ल्याचा खंदक म्हणजे प्रत्यक्ष समुद्र, आणि तो दिवसांतून दोनदां ओसरतो. ओहोटींत पायीं चालत दरवाजापर्यंत जातां येतें. भरती येतांच तेंच स्थळ बेट होतें. तटाचे प्रचंड चिरे चुन्यावांचून रचलेले आहेत. फटींतून पाणी आंत शिरतें व लाटेचा जोर मोडतो. आंत गोडें पाणी आहे, आणि राघोजी आंगरे यांनीं १७५९ सालीं बांधलेलें गणेशपंचायतनाचें देऊळ आहे.

येथेंच नवख्या प्रवाशाची फसगत होते. नदीचा पूर गर्जना करीत येतो. भरती गाजावाजा न करतां येते. देवळांत गप्पा रंगतात, मुलें शिंपले वेंचतात, आणि परततांना पाहावें तों आलेली वाट पाण्याखालीं गेलेली असते. अशा वेळीं पाण्यांत उतरणें जिवावर बेततें.

यावरचा उपाय घरच्या पंचांगांत आहे. तिथीचा आंकडा पाऊणपट करावा. तितक्या वाजतां पूर्ण भरती, आणि तिच्या मागें-पुढें सुमारें सहा तासांनीं ओहोटी, असा कोंकणांतील जुना हिशेब आहे. अष्टमीस सहाच्या सुमारास भरती, म्हणून दुपारीं बाराला ओहोटी. पण ते दिवस भांगाचे. पाणी फारसें ओसरत नाहीं. पौर्णिमा-अमावास्येस उधाण असतें, परंतु ओहोटी भल्या पहांटे व सायंकाळीं येते. तृतीयेस मात्र उधाणाचा जोर बराचसा टिकून असतो आणि ओहोटी सकाळीं आठच्या सुमारास येते. पाहणाऱ्यास ही वेळ सोयीची. हिशेब अंदाजाचा आहे, म्हणून पाऊल टाकण्यापूर्वीं तेथील कोळ्यांस विचारावें, आणि त्यांनीं सांगितलेल्या वेळेपूर्वींच परतावें.

परत आल्यावर गांवांतील कान्होजींची समाधि पाहावी. १७२९ सालीं ते निवर्तले. ज्या पाण्याच्या वेळा त्यांनीं जन्मभर सांभाळल्या, त्या पाहुण्यानें एक दिवस तरी सांभाळाव्या. म्हणून अकोल्यास गाडीचें तिकीट काढण्यापूर्वीं वऱ्हाडी गृहस्थानें आधीं तिथि पाहावी.