पातं कुठलं घ्यावं? विळा, कोयता आणि सुरीचा इतिहास



तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसानं चाकू-सुऱ्यांवर व्याख्यान द्यावं, हे काहींना जरा विचित्र वाटेल. पण सोलापूरची तरुण मुलं हल्ली सुट्टी मिळाली की सह्याद्रीत जातात. राजगड, हरिश्चंद्रगड, कुठे कुठे जातात. आणि निघण्याआधी विचारतात, "सर, रानात न्यायला चाकू कुठला घ्यावा? घडीचा नको, न मिटणारा, अखंड पात्याचा." आता हा प्रश्न दुकानदाराचा आहे असं म्हणून आम्ही सोडून देऊ शकलो असतो. पण तो फार जुना प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर आपल्या मातीच्या इतिहासात आहे.

सुरुवात प्लेटोपासून करू. 'रिपब्लिक'च्या पहिल्याच भागात सॉक्रेटिस एक साधा दाखला देतो. द्राक्षवेलीची फांदी खंजिरानं कापता येईल, चामडं कापायच्या सुरीनंही कापता येईल. पण त्याच कामासाठी घडवलेल्या छाटणीच्या कोयत्यानं जितकी चांगली कापली जाईल तितकी दुसऱ्या कशानंही नाही. मग प्रत्येक वस्तूचं 'कार्य' म्हणजे जे फक्त तिलाच करता येतं, किंवा जे तिच्याइतकं चांगलं इतर कुणाला करता येत नाही, ते. आमच्या नान्नजच्या द्राक्षबागायतदाराला हे सांगायला प्लेटो लागत नाही. एप्रिलची खरड छाटणी असो की ऑक्टोबरची, तो कात्री उचलतो, कुऱ्हाड उचलत नाही. म्हणजे पहिला प्रश्न 'पातं कुठलं' हा नाहीच. पहिला प्रश्न 'काम कुठलं' हा आहे.

महाराष्ट्राच्या नकाशावर हे स्पष्ट दिसतं. कोकणात आणि घाटमाथ्यावर पाऊस दांडगा, झाडोरा दाट. तिथला माणूस कमरेमागे आकडी बांधतो आणि तिच्यात कोयता अडकवतो. फांद्या तोडणं, वाट मोकळी करणं, सरपण, कुंपण ही त्याची कामं. म्हणून पातं जड, टोकाकडे वळलेलं. आपल्याकडे सोलापुरात माळरान. ज्वारीचा मुलूख हा. प्रसिद्ध मालदांडी ज्वारीचा निवड वाण मोहोळच्या संशोधन केंद्रातलाच. कणसं खुडायची, गवत कापायचं, तर हातात हलका, चंद्रकोरीसारखा विळा हवा. धनगराच्या खांद्यावर लांब दांड्याची कुऱ्हाड, कारण त्याला मेंढरांसाठी उंचावरचा पाला पाडायचा असतो. आणि घरात सुरी, विळी. यातल्या कुणीही 'सर्वांत चांगलं पातं कुठलं' असं विचारलं नाही. मुलखानं काम ठरवलं, कामानं पातं ठरवलं.

आता पोलादाकडे वळू, कारण मुलांचा दुसरा प्रश्न नेहमी तोच असतो. इथे आपल्याला थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही. ज्याला युरोपनं 'वुट्झ' म्हटलं ते पोलाद दख्खनचं. तो शब्द कन्नड 'उक्कु'वरून गेला असं अभ्यासक मानतात, आणि सोलापुरात कन्नड-तेलुगू कानावर पडतच असल्यामुळे 'उक्कु' आपल्याला परका नाही. तेलंगणात निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम नावाचं गाव आहे. तिथे मातीच्या बंद मुशीत लोखंड वितळवून हे पोलाद बनत असे आणि ते खरेदी करायला थेट इराणचे व्यापारी येत. दमास्कसच्या म्हणून गाजलेल्या तलवारींचा कच्चा माल असा आपल्या शेजारून जात होता. विजेवरच्या संशोधनासाठी ज्यांचं नाव आपण घेतो ते मायकेल फॅरडे, लोहाराचेच पुत्र, 1820 च्या सुमारास जेम्स स्टोडार्ट या सुरी-कारागिराबरोबर या पोलादाचं गूढ उकलायला बसले होते.

त्यात गूढ काय होतं? कार्बन. साध्या ओतीव लोखंडापेक्षा कमी आणि मऊ लोखंडापेक्षा बराच जास्त, साधारण एक ते दोन टक्के. कार्बन वाढला की कठीणपणा वाढतो, धार टिकते. पण ठिसूळपणाही वाढतो. कठीणपणा आणि चिवटपणा यांचं हे भांडण कुठल्याही पोलादात पूर्ण मिटत नाही, तिथे फक्त तडजोड होते. आपल्या लोहारानं ती तडजोड फार शहाणपणानं केली होती. अंग मऊ लोखंडाचं आणि धारेपुरतं पोलाद. जुन्या मराठीत पोलादाला शब्दच मुळी 'तिखं' असा होता. पुढे ट्रक आले, त्यांचे मोडके कमानपाटे भंगारात पडू लागले, आणि घिसाडी बांधवांनी त्यातूनच कोयते घडवले. कमानपाट्याचं पोलाद धक्के सोसण्यासाठीच बनलेलं असतं. ते वाकतं, पण सहसा तुटत नाही. पातं तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवायचं, मग पुन्हा मंद शेक देऊन ठिसूळपणा कमी करायचा. 'पाणीदार' हा शब्द आपण माणसाला लावतो, तो या भट्टीवरून आलेला आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. बारा बलुतेदारांत लोहार होता. शेतकरी त्याच्याकडून विळा एकदाच घेऊन मोकळा होत नसे. तो सुगीला बलुतं देई आणि लोहार वर्षभर धार लावून देई, झिजलेलं पातं पुन्हा ठोकून देई. म्हणजे पात्याची किंमत ही वस्तूची नव्हती, नात्याची होती. आज जे गंज न चढणारं पोलाद मिळतं, त्यात साडेदहा टक्क्यांहून अधिक क्रोमियम असतं. पावसाळी रानात ते सोयीचं आहे, नाही असं नाही. पण ते फार कठीण जातीचं असेल तर साध्या सहाणेवर धार लवकर येत नाही. मग ते पातं रानात बोथटलं की तुम्ही काय करणार? म्हणून दुसरा प्रश्न 'पोलाद कुठलं' असा न विचारता 'धार कोण लावणार' असा विचारावा.

इथपर्यंत कथा लोहाराची झाली. आता ती सरकारची होते, आणि इथे आपण जरा सावकाश जाऊ.

1878 साली, लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना, दोन कायदे झाले. एक हत्यारांचा कायदा, दुसरा जंगलांचा. पहिल्यानं शस्त्रांची यादी केली: बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले, धनुष्यबाण. परवान्याशिवाय ती बाळगायची नाहीत, आणि युरोपियनांना मात्र नियमांनी सूट. त्या यादीत विळा नव्हता, कोयता नव्हता. पण दुसऱ्या कायद्यानं राखीव जंगलं आखली आणि तिथलं गवत कापणं, लाकूड तोडणं, गुरं चारणं गुन्हा ठरवलं. म्हणजे बघा, एकानं तलवार काढून घेतली. दुसऱ्यानं विळा हातात ठेवला, पण विळ्याचं काम काढून घेतलं. पाचच वर्षांनी, 1883 मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात जंगल खात्यावरचा राग आहे तो याचाच.

हा राग 1930 मध्ये पात्यावाटेच बाहेर आला. 10 जुलै 1930 रोजी पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला. मीठ समुद्राकाठी होतं. वऱ्हाडात समुद्र नाही, तिथे गवत होतं. आणि आपल्या सोलापुरात त्याआधीच, 8 मे रोजी, रूपाभवानीच्या परिसरात लोक शिंदीची झाडं तोडायला गेले. दारूबंदीच्या चळवळीचा तो भाग होता. त्यातून अटक, गोळीबार, मग शहरात मार्शल लॉ. पुढचं आपल्याला पाठ आहे: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी झाली. पुसदला गवत कापण्यासाठी किंवा इथे झाडं पाडण्यासाठी जे पातं लागलं, ते हत्यारांच्या यादीत कधीच नव्हतं. पण सरकार त्याला घाबरलं, कारण त्यामागचा हेतू बदलला होता.

स्वातंत्र्यानंतर 1959 चा शस्त्र कायदा आला. त्यानं एक महत्त्वाची गोष्ट केली: निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी घडवलेल्या वस्तू, लाठी किंवा साधी हातातली काठी, शस्त्राच्या व्याख्येतून वगळल्या. त्याखालचे नियम नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या-तलवारींना परवान्याच्या यादीत घालतात, पण तिथेही घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक कामाची पाती बाजूला काढलेली आहेत. म्हणजे कायदा पात्याची लांबी मोजतो, पण त्याआधी 'हे कशासाठी घडवलं' हेच विचारतो. प्लेटोचाच प्रश्न हा! उसाच्या फडातला कोयता कितीही लांब असला तरी तो अवजार. तेच पातं गल्लीत दहशतीसाठी उगारलं की शस्त्र. पुण्यातल्या कोयता टोळ्यांच्या बातम्या आपण वाचल्या. त्यात दोष कोयत्याचा नाही.

मात्र एका कायद्यात हेतूही पुरत नाही, जागा निर्णायक ठरते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येत चाकू, गळ, जाळी, फासे, विष हे सगळं येतं, आणि लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाता येत नाही. आपल्या नान्नजला 1979 पासून माळढोकचं अभयारण्य आहे. म्हणजे द्राक्षबागेत जी सुरी अवजार, ती शेजारच्या अभयारण्याच्या हद्दीत शस्त्र. पातं तेच, चार पावलांवर नाव वेगळं. रानात जाणाऱ्या मुलांनी हे ध्यानात ठेवावं. सह्याद्रीतले कितीतरी गड आणि घाट अभयारण्यांच्या हद्दीत आहेत. हरिश्चंद्रगड त्यांतलाच.

आता शेवटचा मुद्दा, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा. मुलांना एकाच पात्यात सगळं हवं असतं: लाकूड फोडावं, भाजी चिरावी, दोरी कापावी. ॲरिस्टॉटलनं 'पॉलिटिक्स'च्या आरंभी याच प्रकारच्या चाकूचा उल्लेख केला आहे. डेल्फीचे कारागीर अनेक कामांचा एकच चाकू बनवत, निसर्ग तसा कंजूषपणा करत नाही, असं तो म्हणतो. 'सर्वकामी' पातं ही सोय असते, पण तिच्या मुळाशी टंचाई असते. पाठीवरच्या पिशवीत जागा कमी, म्हणून आपण एकच पातं नेतो. ठीक आहे. पण हीच टंचाई दुसऱ्या माणसावर लादली तर?

आपल्याच जिल्ह्यात बघा. 1932 साली माळीनगरला सासवड माळी शुगर फॅक्टरी उभी राहिली, कालव्याचं पाणी आलं, पुढे 1980 च्या सुमारास उजनी धरण पूर्ण झालं, आणि दुष्काळी सोलापूर साखरेचा जिल्हा झाला. ऊस तोडायला बीड, अहिल्यानगर, धाराशिवकडून माणसं येतात. त्यांच्या हातात एकच पातं, कोयता. त्यानं ऊस जमिनीलगत तोडायचा, कारण बुडख्यात साखर जास्त. त्यानंच पाचट उतरवायचं. त्यानंच वाढे छाटायचे. डेल्फीचा चाकूच तो! आणि हिशेब कसा लिहितात? नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. एकटा असेल तर 'अर्धा कोयता'. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. ॲरिस्टॉटलनं गुलामाला 'जिवंत अवजार' म्हटलं होतं, आम्ही वर्गात ते वाचताना मुलं चिडत. पण आपल्या वहीत तर आपण दोन माणसांना एका अवजाराचं नाव दिलं, आणि अर्ध्या माणसाचीही सोय ठेवली. त्यातली बाई तर नावातही वेगळी उरत नाही.

अवजार सुधारता येतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं दातेरी, हलका 'वैभव' विळा केला, तो वापरणाऱ्याच्या मनगटाचा विचार करूनच. मग कोयत्याच्या मुठीचा, वजनाचा, आणि ती मूठ धरणाऱ्या बाईच्या हाताचा विचार का होऊ नये?

तर मुलांनो, उत्तर असं. आधी काम ठरवा. साध्या रानवाटेला तळव्याच्या रुंदीएवढं, चार-पाच इंची पातं पुष्कळ होतं. अमेरिकेत होरेस केफर्टनं 1906 सालीच आपल्या रानपुस्तकात भयंकर दिसणाऱ्या शिकारी खंजिरांची थट्टा करून साध्या, छोट्या चाकूची शिफारस केली होती. पातं मुठीच्या टोकापर्यंत एकाच पट्टीचं असावं, मूठ ओल्या हातातून निसटू नये, म्यान घट्ट असावं. धार स्वतः लावायला शिका. कुठे जाताय तिथला नियम आधी विचारा. जाडजूड लाकूड फोडायचं असेल तर गावातल्या माणसाची कुऱ्हाड मागा, आणि तिची मूठ कुणाच्या हातानं झिजलीय तेही विचारा. पात्याला माणसाच्या कामाचं नाव असावं. माणसाला पात्याचं नाव नसावं. एवढं आम्हांला सांगायचं होतं. आता तुमचे प्रश्न येऊ द्या.