उतरवून घेणे : महाबळेश्वरातील एका पेटीची हकिकत

जुन्या कागदाची नक्कल करण्यास मराठीत ‘उतरवून घेणे’ म्हणतात. कॅसेटवरील चित्रण डीव्हीडीवर घेण्यासही आपण तेच क्रियापद वापरतो. हे साम्य आमच्या ध्यानी आले ते २०११ च्या मे महिन्यात. महाबळेश्वरातील एका घरातून पत्र्याची पेटी आम्हा तिघांच्या हवाली झाली. घर आमच्यापैकी एकाचे आजोळ. पेटीत बारा व्हीएचएस कॅसेटी आणि एक छोटी मिनीडीव्ही. घरातील व्हीसीआर कधीच निकामी झाला होता, म्हणजे कॅसेटी असूनही कोणास त्या पाहता येत नव्हत्या.

व्हीएचएस पद्धती जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ साली बाजारात आणली. आपल्याकडे १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांबरोबर रंगीत दूरदर्शन आले आणि त्याच दशकात व्हिडिओ मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात शिरला. प्रथम भाड्याने आणलेल्या चित्रपटांसाठी, मग लग्नामुंजींच्या चित्रणासाठी. पुढे कोणाकोणाकडे स्वतःचा कॅमेराही आला. माल्कमने १८२८ च्या सुमारास वसवलेल्या या थंड हवेच्या ठिकाणाइतके घरगुती चित्रण महाराष्ट्रात क्वचितच अन्यत्र झाले असेल. मात्र पर्यटकांच्या कॅसेटी बहुधा एकसारख्याच: वेण्णा तलाव, घोडा, मक्याचे कणीस, बॉम्बे पॉइंटवरचा सूर्यास्त. ज्यांना तो सूर्यास्त रोजच दिसतो त्यांच्या कॅसेटींत तो जवळजवळ नसतोच. त्यांत घर असते. आमच्या पेटीचे मोल आम्हास वाटले ते यामुळे.

आता महाबळेश्वरचा पाऊस. वर्षाकाठी सरासरी पाच हजार मिलिमीटरहून अधिक. या गावात जेथे भिंतींनाच ओल धरते तेथे फितीची काय कथा! चुंबकीय कण फितीला चिकटवून ठेवणारे द्रव्य दमट हवेत हळूहळू विघटित होते, आणि फितीच्या गुंडाळीवर पांढरी बुरशी चढते. अशी कॅसेट यंत्रात घातली तर फीत तर जातेच, शिवाय फिरत्या हेडवर बुरशी बसून पुढच्या चांगल्या कॅसेटीही बिघडतात. हे आम्हास उशिरा कळले; एक कॅसेट या अज्ञानापायी आम्ही गमावली.

त्याआधी दोन कॅसेटी आम्ही एका दुकानात दिल्या होत्या. आठवड्याने सुबक डबीत चकत्या मिळाल्या. लावून पाहतो तो लग्नाच्या चित्रणावर आरंभापासून अखेरपर्यंत चित्रपटगीते, आणि तीन तासांची फीत दीड तासावर आलेली. विचारता उत्तर मिळाले, “मधला रिकामा भाग काढला, साहेब.” वाईट हेतू मुळीच नव्हता. मूळ कॅसेटी परत मिळाल्या हे आमचे भाग्य.

मग एक जुना व्हीसीआर मिळवला, शिक्षकी पगारातून वर्गणी काढून डीव्हीडी रेकॉर्डर घेतला आणि स्वतःच बसलो. हे काम घाईचे नव्हे. तीन तासांची फीत उतरायला तीन तासच लागतात. ४.७ जीबीच्या चकतीवर बऱ्या दर्जाचे दोन तास मावतात. अधिक कोंबावे तर चित्र फुटते. धुके आणि पाऊस यांवर तर हे यंत्र विशेष हरते, कारण क्षणोक्षणी बदलणाऱ्या बारीक तपशिलाचे संक्षेपण त्यास साधत नाही, आणि पावसाच्या जागी चौकडी दिसू लागतात. म्हणून एकेक कॅसेट दोन चकत्यांवर घेतली.

‘रिकामा’ भाग आम्हास येथेच भेटला. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी कोणीतरी कॅमेरा चालू ठेवूनच फळीवर ठेवला होता. बावीस मिनिटे चित्रात भिंत आणि दाराची अर्धी चौकट. पण आवाज आहे. आजी, जी आता नाही, सुनांना सांगते आहे की पावसाळ्यापूर्वी भिंतींना गवताच्या ताट्या कशा बांधीत, वाईहून धान्य केव्हा भरून ठेवीत, आणि तिच्या सासूने तिला पहिल्या पावसाळ्यात माहेरी का धाडले नाही. तिची भाषा, तिचे हेल, मध्येच मिसळणारे हसू: आमच्या मित्राच्या आईला ते ऐकवले तेव्हा त्या उठून आत गेल्या. दुकानाच्या चकतीत या बावीस मिनिटांतले एकही नाही.

वाईचे नाव निघाले म्हणून सांगतो. वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला, आणि त्यातील पानिपतकालीन पत्रे पसरणी घाटाच्या पायथ्याच्या या वाईतच सापडलेली. मोडीतून ती उतरवून घेताना किरकोळ मजकूर गाळण्याचा मोह कोणासही झाला असता. पण नकलकार काय रिकामे समजतो यावर पुढच्या पिढीचा इतिहास ठरतो. साहित्याच्या विद्यार्थ्यास पाठचिकित्सेत हे शिकवले जाते; घरातल्या कॅसेटीस तोच नियम लावण्याचे मात्र आपणास सुचत नाही. आम्हासही दुकानाची चकती पाहीपर्यंत सुचले नव्हते.

मिनीडीव्ही मार्च २००९ ची निघाली. त्या महिन्यात महाबळेश्वरी ब्याऐंशीवे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीवरून वारकऱ्यांचा रोष ओढवून नियोजित अध्यक्ष आनंद यादव यांनी ऐन तोंडावर राजीनामा दिला आणि संमेलन अध्यक्षाविना पार पडले. आमचा मित्र कॅमेरा घेऊन तेथे होता. मोठ्या आशेने कॅसेट लावली. ग्रंथदालन आहे, जेवणाची रांग आहे, ओळखीची माणसे हात हलवताहेत. भाषणे सुरू होताच कॅमेरा बंद! फीत वाचवायची होती, तो म्हणाला. असो, आजीच्या वेळी कोणी फीत वाचवली नाही, हेही आहेच.

२०१६ मध्ये जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआर बनवणे थांबवले. डीव्हीडी रेकॉर्डरही आता दुकानात दिसत नाहीत, आणि आमच्या चकत्यांपैकी दोन वाचल्या जाईनाशा झाल्यावर उरलेल्या सर्व आम्ही हार्ड डिस्कवर उतरवल्या. म्हणजे नकलेची नक्कल. मूळ कॅसेटी अजून पेटीतच आहेत, फक्त पेटी आता साताऱ्यात कोरड्या खोलीत असते. त्यांतली बुरशी चढलेली आणखी एक, जिच्यावर पेन्सिलीने ‘बारसे, पाऊस’ इतकेच लिहिले आहे, ती आम्ही अद्याप कोणत्याही यंत्रात घातलेली नाही.