जुना रंधा घेताना : गंज नव्हे, तडा पाहावा

अमेरिकेतील उपनगरांत उन्हाळ्याच्या शनिवारी सकाळी घरोघरी 'गॅरेज सेल' मांडले जातात. जुनी भांडी, पुस्तके आणि खेळणी यांच्याशेजारी कधी आजोबांच्या हत्यारांची पेटी असते व तिच्या तळाशी गंजलेला लोखंडी रंधा. घरच्यांना त्याचा उपयोग ठाऊक नसल्यास तो थोडक्या डॉलरांत मिळतो.

असे रंधे बहुधा कनेक्टिकटमधील न्यू ब्रिटन येथील स्टॅनली कंपनीचे असतात. या कंपनीने १८६९ मध्ये लिओनार्ड बेली यांचा रंध्यांचा व्यवसाय विकत घेतला. लाकडी रंध्याचे पाते हातोडीने ठोकून पुढेमागे करावे लागे. बेलींच्या रचनेत मागचे पितळी चाक फिरविले की पाते खालीवर होते. आजचे लोखंडी रंधेही बव्हंशी याच रचनेचे आहेत. क्रमांकावरून आकार कळतो : ४ क्रमांकाचा रंधा सुमारे ९ इंच, ५ चा १४, तर ७ चा २२ इंच लांब असतो. साडेपाच इंचांचा १ क्रमांक दुर्मीळ असून संग्राहक त्याला भरमसाट किंमत देतात. कामाला मात्र तो फारसा येत नाही.

खरेदीपूर्वी पाते काढून रंध्याचे तोंड, म्हणजे पाते जेथून बाहेर येते ती फट, उजेडात निरखून पाहावी. तिच्या कोपऱ्यांत आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींत केसाएवढा तडा असू शकतो. बिडाचे ओतकाम सांधणे अवघड व खर्चिक असते. असा रंधा फुकट मिळाला तरी केवळ सुट्या भागांसाठीच घ्यावा. वरवरचा गंज निघतो, खोल खड्डे मात्र राहतात. पात्याच्या सपाट पाठीवर, धारेजवळ, ते असल्यास नव्या पात्याचा खर्च धरूनच भाव करावा. मोडलेली मूठ डिंकाने जोडता येते.

ओतकामात तीन पेटंट-तारखा असून शेवटची एप्रिल १९१० ची असेल, तर रंधा साधारणतः त्याच दशकातील समजावा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पितळ वाचविण्यासाठी चाक पोलादाचे किंवा कठीण रबराचे बनविले गेले. अर्थात, भागांची अदलाबदल झालेली असू शकते.

सफाईसाठी रंधा पूर्ण सुटा करावा. स्क्रू आडला तर तेल सोडून रात्रभर थांबावे. घाईत त्याची खाच झिजते. पोलादी भाग काही तास व्हिनेगरमध्ये ठेवून, सोड्याच्या पाण्याने धुऊन, लगेच वाळवून तेल लावावे. विजेने गंज काढणाऱ्यांनी धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात दुसरे टोक म्हणून साधे लोखंडच वापरावे; स्टेनलेस स्टीलमुळे विषारी क्रोमियम संयुगे तयार होतात. या क्रियेत हायड्रोजन वायू सुटतो, त्यामुळे काम उघड्यावर करणे इष्ट.

तळ घासताना पाते जागेवर कसलेले पण आत ओढलेले असावे, कारण कसण्याच्या ताणाने तळ किंचित वाकतो. जाड काचेवर सॅंडपेपर चिकटवून घासावे. पुढचे टोक, तोंडालगतचा भाग आणि मागचे टोक एका पातळीत आले की पुरे. सारा तळ आरशासारखा करण्याचा हव्यास कशासाठी? जुना काळा लेप खरवडून रंगविलेला रंधा संग्राहक कमी भावातच मागतात. पात्याची पाठ सपाट करून २५ ते ३० अंशांची धार लावावी. पात्यावरची पट्टी धारेपासून मिलिमीटरभर मागे, फट न राहता बसवावी. तेथे फट राहिली की छिलके अडकून तोंड तुंबते.